घरच्या ओसरीवरून : मिठात राखलेले फळ



गेल्या वर्षी नागासाकीच्या यात्रेस जाण्याचा योग आला. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी पंचवीस सोबत्यांसह ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जेथे क्रुसावर प्राण अर्पण केले, ती निशिझाका टेकडी एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढीच मनीषा होती. परंतु आज लिहावयाचे आहे ते त्या टेकडीविषयी नव्हे, तर लोणच्याच्या एका दुकानाविषयी. हे ऐकून कोणी हसेल. त्याने शेवटपर्यंत वाचावे आणि मग खुशाल हसावे.

परतीच्या वाटेवर आम्ही वाकायामा प्रांतातील तानाबे या गावी उतरलो होतो. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस डोंगर, आणि उतारावर जिकडे पाहावे तिकडे ‘उमे’ची झाडे. इंग्रजीत या फळास प्लम म्हणतात खरे, पण त्याचे जवळचे नाते आलुबुखारापेक्षा जर्दाळूशी आहे. तानाबे आणि शेजारचे मिनाबे यांच्या परिसरात सुमारे चारशे वर्षे हे फळ पिकविले जाते. डोंगरमाथ्यावर कोळशासाठी राखलेले रान, त्या रानातल्या मधमाश्यांकडून बागांचे परागीभवन, आणि त्याखाली बागा, अशी ही सारी रचना एकमेकींस धरून आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ साली तिला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

या फळाचे जे खारे लोणचे होते, त्याचे नाव ‘उमेबोशी’, म्हणजे वाळविलेले उमे. दुकानात शिरताच लहान लहान लाकडी पिंपे ओळीने मांडलेली दिसली. प्रत्येकावर एक पाटी, आणि पाटीवर मिठाचे प्रमाण : ५ टक्के, ८ टक्के, १० टक्के, आणि अगदी टोकाला २० टक्के. दुकानाच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. त्यांनी वाकून नमस्कार केला, चहा पुढे केला आणि बारीक काडीला फळाचा तुकडा टोचून हाती दिला. आमच्यासोबत एक जपानी ख्रिस्ती बंधू होते. ते दुभाषाचे काम करीत.

पहिला तुकडा मधात मुरविलेल्या फळाचा होता. गोडसर, मऊ, लहान मुलांनाही रुचेल असा. दुसऱ्यास सुक्या माशाच्या किसाचा स्वाद होता. तिसरे फळ लालभडक. हा रंग ‘शिसो’ नावाच्या तांबड्या पानांचा असतो. ती पाने मिठाने चोळून आंबट रसात घातली की रस लाल होतो. शेवटी त्या टोकाच्या पिंपातले फळ आले, केवळ मीठ आणि ऊन यांवर तयार झालेले. वर मिठाचे पांढरे कण चमकत होते. ते जिभेवर ठेवताच माझे डोळे आपोआप मिटले, जबडा आखडला आणि तोंडाला असे पाणी सुटले की काही क्षण शब्द फुटेना. आजीबाई पदराआड हसाव्यात तशा हात तोंडावर धरून हसल्या.

मग त्यांनी कृती सांगितली. जून महिन्यात फळ पिकून झाडाखाली पसरलेल्या जाळ्यांवर गळून पडते. ते धुऊन, देठ काढून, फळाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके मीठ घालून थरावर थर रचावयाचे आणि वर जड दगड ठेवावयाचा. पाण्याचा एक थेंबही घालावयाचा नाही. काही दिवसांत फळाचेच पाणी सुटून ते त्यात बुडते. ते दिवस तेथील पावसाळ्याचे. त्या पावसाचे नावच ‘उमे’ आणि ‘पाऊस’ या दोन अक्षरांनी लिहितात. जुलैअखेर आभाळ निवळले की फळे सुपांवर पसरून तीन दिवस उन्हात उलटसुलट वाळवावयाची आणि पुन्हा भरून ठेवावयाची. अशी राखलेली फळे वर्षानुवर्षे टिकतात.

“मग बाकीची गोड पिंपे कशासाठी?” मी विचारले.

“हल्लीच्या लोकांना खारट नको असते. मीठ उतरवून मध घातलेलेच अधिक खपते. ते टिकत मात्र नाही, लवकर संपवावे लागते.”

यात गिऱ्हाइकांचे सारेच चुकते असे नाही. दहा ग्रॅमच्या त्या खाऱ्या गरात दोन ग्रॅम मीठ जाते, आणि प्रौढ माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब असलेल्यांनी हे विसरू नये. तथापि आजीबाईंची खंत निराळी होती. पूर्वी आसपासच्या खेड्यांतील म्हाताऱ्या बायका आपल्या घरची लोणची रस्त्याकडेच्या बाजारात विकीत. २०१२ साली होक्काइदो बेटावर कोबीच्या लोणच्यातून विषबाधा होऊन आठ जण दगावले. पुढे कायदा बदलला. लोणचे विकणाऱ्यास २०२१ पासून परवाना आणि वेगळी, नियमाप्रमाणे बांधलेली जागा आवश्यक झाली, आणि जुन्या विक्रेत्यांना दिलेली मुदत मे २०२४ अखेर संपली. कायदा लोकांच्या जिवासाठीच केलेला. पण ऐंशीच्या घरातील बाईने नवे स्वयंपाकघर बांधावयाचे कशाच्या बळावर? कित्येकींनी हात आवरता घेतला.

“आणि त्यांच्या सुना?” मी विचारले.

“कोणी विचारलेच नाही,” आजीबाई एवढेच म्हणाल्या.

मग त्यांनी मला उलट विचारले, “आपल्या देशात असे काही करतात का?”

मी मोठ्या उत्साहाने सांगितले की, गोव्यात आमच्या घरी कोवळ्या कैऱ्या मिठात दडपून ठेवीत, त्यांस चेपणीचे तोर म्हणतात, आणि सकाळी दहा-अकराच्या सुमारास उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर ते खातात. आजीबाईंचा चेहरा उजळला. त्यांच्याकडेही आजाऱ्याला मऊ पेज आणि एक उमेबोशी देतात. “वा! मग मीठ किती घालता? वाळवता की नाही? वजन किती दिवस ठेवता?”

मी गप्प राहिलो. मला काहीच ठाऊक नव्हते. आई जाऊन नऊ वर्षे झाली. तिच्या बरण्या आम्ही धुऊन माळ्यावर ठेवल्या होत्या. तिच्या हयातीत तिला कृती विचारावी असे आम्हा चौघा भावंडांपैकी एकाच्याही मनात आले नव्हते. आजीबाईंनी नुकतेच उच्चारलेले शब्द माझ्याच घराला लागू होते.

त्या रात्री नागासाकीची गोष्ट पुन्हा आठवली. जपानात १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. धर्मगुरू मारले गेले, हाकलले गेले. देवळे पाडली गेली. मिस्सा नाही, प्रवचन नाही. तरी १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही खेडूत ओउरा येथील नव्या देवळात आले आणि फादर पेतिजाँ यांना त्यांनी हळूच विचारले की, पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे. अडीचशे वर्षे गावातल्याच साध्या माणसांनी बाप्तिस्मा दिला, सणांचे दिवस मोजले, आणि आईबापांनी मुलांना प्रार्थना कानात सांगितल्या. प्रत्येक पिढीत कोणीतरी सांगितले, आणि कोणीतरी विचारलेही. प्रभूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली ती चवीपुरती नसावी. मीठ राखतेही.

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी मी मावशीकडे गेलो. तिचे वय चौऱ्याऐंशी. प्रथम ती म्हणाली, “आता तुला कशाला रे हे?” मग मात्र थांबेना. कैरी बाठ धरण्याआधीची हवी. पुसून अगदी कोरडी करावयाची. जाडे मीठ, थरावर थर, वर दगड. पाणी सुटले तरी दगड काढावयाचा नाही. मीठ किती, असे विचारले तर तिने ओंजळ करून दाखविली. मी ती ओंजळ तराजूत घालून वजन वहीत टिपले. तिला ते पाहून हसू आले.

निघताना तिने विचारले, “आणि तुझ्या आईची संध्याकाळची तेर्साची प्रार्थना? ती तरी मुलांना शिकवलीस का?” त्या प्रश्नालाही माझ्याजवळ उत्तर नव्हते. वहीचे पुढचे पान मी तेथेच उघडले.

वाचकहो, येत्या रविवारी आपणही घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसापाशी घटकाभर बसावे, आणि विचारावे.