फुटाच्या मापाने मोजलेले चित्रपट

आता या धाग्यावरील सर्वांत आळशी आक्षेपाकडे वळू : ‘१९३०च्या दशकातील स्वस्त ब्रिटिश गुन्हेपट म्हणजे अकुशल लोकांनी घाईत उरकलेला कचरा.’

१९३२चा ‘नंबर सेव्हन्टीन’ घ्या. एक ओसाड घर, चोरीचा हार, तो घेऊन आगगाडीने निसटू पाहणारी रत्नचोरांची टोळी आणि प्रवासी बस पळवून त्यांचा पाठलाग करणारा गुप्तहेर. लांबी जेमतेम तासाभराची. आगगाडी आणि बस बऱ्याच दृश्यांत खेळण्यांएवढ्या प्रतिकृती आहेत, हे लहान मूलही ओळखेल. मात्र दृश्यांची ती वेगवान कापाकापी पाहा आणि मग दिग्दर्शकाचे नाव वाचा : आल्फ्रेड हिचकॉक! पुढे त्रूफोशी बोलताना त्यानेच या चित्रपटाला नावे ठेवली, आणि समीक्षकांना आयते कोलीत मिळाले. हात अकुशल नव्हता. हाती दिलेली थैली रिकामी होती.

थैली रिकामी का, याचे उत्तर बहुतांशी १९२७च्या सिनेमॅटोग्राफ फिल्म्स अ‍ॅक्टमध्ये आहे. हॉलीवूडला आवर घालण्यासाठी वितरक आणि चित्रपटगृहे या दोहोंवर ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक वाटा सक्तीचा झाला. चित्रपटगृहांसाठी तो ५ टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत चढत जाणार होता. पण हा वाटा मोजायचा कशाने? फितीच्या लांबीने! किमान खर्चाची अट नव्हतीच. अमेरिकी वितरकांनी ही फट हेरली आणि फुटामागे साधारण एक पौंड देऊन ‘कोटा क्विकी’ बनवून घेतल्या. बोलपटाची फीत मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे तासाभराचा चित्रपट सुमारे ५,४०० पौंडांत. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे.

(‘नंबर सेव्हन्टीन’ काटेकोर अर्थाने क्विकी नव्हे, तो ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्स या देशी कंपनीचा. पण बाजारभाव ठरला होता तो याच कायद्याच्या छायेत.)

‘कायद्यामुळे धंदा तरी जगला’ हा बचाव अर्धाच खरा आहे. स्टुडिओ चालू राहिले, मायकेल पॉवेलसारखा दिग्दर्शक वीसहून अधिक क्विकींवर घडला. पण ‘ब्रिटिश चित्रपट’ हा शब्द प्रेक्षकांत शिवीसारखा झाला. किमान खर्चाची अट १९३८च्या कायद्यात आली. बैल गेला आणि झोपा केला.

आपल्याकडेही हा प्रश्न येऊन ठेपला होता. १९२७मध्येच नेमलेल्या टी. रंगाचारी समितीपुढे एक मुद्दा होता : साम्राज्यात बनलेल्या चित्रपटांना भारतात झुकते माप द्यावे काय? दादासाहेब फाळके यांचीही साक्ष झाली. समितीने १९२८मध्ये हे प्राधान्य नाकारले. तो निर्णय शहाणपणाचा होता, असे माझे ठाम मत आहे.

आणि ज्यांना ‘कचरा’ म्हणायची घाई आहे त्यांनी पॉवेलचा पहिला गुन्हेपट, १९३१चा ‘टू क्राउडेड अवर्स’, पाहून दाखवावा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने हरवलेल्या ७५ चित्रपटांच्या शोधयादीत त्याचे नाव घातले आहे.