पाठ झालंय? मग म्हणून दाखव!

परवा चिपळूणहून कुरियरने एक छोटं पुडकं आलं. आत हार्ड डिस्क आणि भाच्याची चिठ्ठी : "आत्या, कपाटात वरच्या खणात ठेव." पावसाळा तोंडावर आला की हे पुडकं येतंच. शेजारीण म्हणाली, "अहो, आता सगळं क्लाउडवर असतं, हे कशाला?" तिला सांगितलं तेच आज तुम्हालाही सांगते.

माझं माहेर चिपळूणचं. बाजारपेठेत भावाचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं छोटं दुकान, आता भाचा बघतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि दुकान पार बुडालं. माल गेला, त्याचा निदान पंचनामा तरी झाला. उधारीचा पंचनामा कोण करणार? कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं, सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं.

कॉपी नव्हती का? होती की! दर शनिवारी पेन ड्राइव्हवर घ्यायची सवय मीच त्याला लावलेली, आणि मला त्याचा अभिमानही होता. पण तो पेन ड्राइव्ह असायचा टेबलाच्या खणात. कॉम्प्युटर टेबलावर, कॉपी टेबलात! पाण्याला दोन्ही सारखीच. धुऊन, वाळवून पाहिला, चालला नाही.

दुसरी कॉपी घरी, माडीवर, अगदी कोरडी होती. सगळ्यांनी हुश्श केलं. उघडली, तर शेवटची नोंद २०१९ ची! हिशेबाचं सॉफ्टवेअर मध्यंतरी बदललं होतं, नवा डेटा नव्या फोल्डरमध्ये जात होता, आणि हा पठ्ठ्या दोन वर्षं इमानाने जुन्याच फोल्डरची कॉपी करत होता. एकदाही उघडून न बघता.

मग काही गिऱ्हाइकं आपणहून आली, "माझे साडेचार हजार राहिलेत" म्हणाली. काही आली नाहीत. त्यांचीही घरं बुडाली होती, त्यांना काय बोलणार? पण त्यातला कोणी रस्त्यात दिसला की अजूनही भाच्याच्या मनात शंका डोकावते. कदाचित त्याचं काही देणं नसेलही! हिशेब हरवला की पैशाच्या आधी विश्वास जातो, तो असा.

पूर्वी रोजमेळ आणि खतावणी अशा दोन वह्या असत. खतावणी हरवली तरी रोजमेळावरून पुन्हा मांडता येई. तेच शहाणपण पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने ३-२-१ अशा सोप्या नियमात बसवलं : प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. जीएसटीच्या नियमांतला ५७ वा नियमही तेच मागतो. नोंदींची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवा, आणि अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी गेल्या तर त्या वाजवी वेळेत परत उभ्या करता आल्या पाहिजेत. 'परत उभ्या करता आल्या पाहिजेत', हेच खरं महत्त्वाचं! आपण नेमकं तेवढंच विसरतो.

क्लाउड वाईट नाही. भाचाही वापरतो. पण नुसतं आपोआप जुळवून घेणारं फोल्डर असेल, तर इकडे चुकून खोडलेलं तिकडेही खोडलं जातं. आणि कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या तावडीत कॉम्प्युटरबरोबरच सापडते. म्हणून एक प्रत सुटी, दूर, पुण्यात आत्याच्या कपाटात.

वर्गात "बाई, पाठ झालं!" असं ओरडणारी मुलं खूप असत. मी म्हणायची, "झालंय ना? मग म्हणून दाखव." निम्मी तिसऱ्या ओळीला अडकत. माझं मत विचाराल तर कॉपीचंही तसंच आहे. उघडून दाखवली नाही तोवर ती घेतली असं मानूच नये.

तर भाच्याला फोन केला, म्हटलं डिस्क मिळाली, पण कपाटात नंतर. आधी माझ्या लॅपटॉपवर उघडू, तू फोनवर सांग. अर्धा तास लागला. कालपरवापर्यंतची उधारी नावानिशी दिसली. मगच कपाटाला कुलूप लावलं.

तुमच्या खणातली कॉपी शेवटची कधी उघडली होतीत?