पाण्याच्या वाटेनं जालना

तुर्कस्तानात साफ्रानबोलू नावाचं गाव आहे. उस्मानी काळात काफिल्यांचा मुक्काम पडायचा तिथं, केशराचा व्यापार चालायचा, नावातही केशरच आहे. 1645 सालची सराई आज हॉटेल झाली आहे, जवळच्या जुन्या हमामात पैसे मोजून आंघोळ करता येते. 1994 साली युनेस्कोनं गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. हल्ली तुर्कस्तानच्या टूर जोरात आहेत, त्यामुळे आमच्या गल्लीच्या ग्रुपवर दगडी कमानीखालचे फोटो येऊन पडतात. बघून मी अंगठा देतो आणि मनात म्हणतो, बाबांनो, काळ्या मशिदीकडं कधी गेलात का?

जमशेदखान नावाच्या सरदारानं जालन्यात निजामशाहीच्या काळात ही मशीद बांधली. एवढ्यावर तो थांबला नाही. वाटसरूंसाठी सराई बांधली, शहराच्या पश्चिमेला मोती तलाव खोदला आणि तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. उस्मानी शहरांतही हाच शिरस्ता होता. एखादा वजीर मशीद बांधायचा आणि तिच्या जोडीला सराई, हमाम, कारंजं. पुण्य मिळायचं आणि बाजारही भरायचा. व्यापारी कुठं थांबतो? जिथं बैलाला पाणी आणि मालाला कुलूप मिळतं तिथं. जमशेदखानाला हे पक्कं कळलं होतं. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघायला परगावचे लोक रांगा लावतात, नहरींच्या चमत्काराच्या गोष्टी ऐकतात. जालन्याच्या नळांबद्दल जालनेकरालाच पत्ता नसतो.

मोती तलाव मात्र सगळ्यांना माहीत आहे, तो गणपती विसर्जनामुळे. बाकी वर्षभर त्याच्याकडं पाठ. पाऊस बरा झाला असेल तर दिवाळीनंतर सकाळी सातच्या आत जावं. काठाला बगळे पाय मुडपून उभे असतात, पाण्यावर पाणकावळे बुड्या मारतात आणि एका कोपऱ्यात विसर्जनाच्या वेळचा, रंग गेलेला पाट तरंगत असतो. एवढं मोठं पाणी गावाला चिकटून असलेली शहरं मराठवाड्यात किती? आणि याच शहरानं दुष्काळात टँकरच्या मागं पळत घागरी भरल्या. आता जायकवाडीचं पाणी नळानं येतं, ते गोदावरीचं. जमशेदखानानं पाणी वेशीजवळून ओढलं, आम्ही पैठणहून ओढतो. कोण शहाणं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

शहरातली दुसरी पाहण्याजोगी जागा मस्तगड. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमानं काबिलखानानं 1725 साली ही गढी उभी केली. फारसी शिलालेख आहे, पण माझं लक्ष तिथल्या विहिरीकडं जातं. आत गॅलऱ्या आणि दालनं असलेली भली मोठी विहीर. वेढा पडला तर आधी धान्य संपतं की पाणी, हे बांधणाऱ्याला ठाऊक असणार.

एवढा बंदोबस्त उगाच नव्हता. ‘जालना सोन्याचा पाळणा’ असं जुनी माणसं म्हणत, आणि सोनं असलं की माणसं येतातच. नोव्हेंबर 1679 मध्ये शिवाजी महाराज जालन्यावर आले, ती त्यांच्या आयुष्यातली शेवटची मोठी स्वारी. चार दिवस शहर लुटलं. परतताना संगमनेरजवळ मोगल फौजेनं गाठलं, तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटांनी त्यांना पट्टागडावर नेलं. महाराज तिथं विसावले आणि गडाला विश्रामगड नाव पडलं. विश्रामगडावर ट्रेकर्सची रीघ असते. ज्या शहरामुळे तो विसावा घ्यावा लागला, तिथं कोणी येत नाही.

शहर झालं की गाडी उत्तरेला काढावी. हिवाळ्यात रस्त्याच्या दुतर्फा तूर, कापूस आणि मधूनच मोसंबीच्या बागा. आमच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, हे पुण्यातल्या ज्यूसवाल्याला सांगून बघा. भोकरदनच्या पुढं असई लागते. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली चालून आला. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात मराठ्यांचा तळ, समोर केळणेचा खोल काठ. वाटाडे म्हणाले, दुसरीकडं उतार नाही. वेलस्लीला पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोरच्या काठांवर दिसली. समोरासमोर दोन गावं वसली म्हणजे मध्ये लोकांची ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच, असं त्यानं ताडलं आणि फौज तिथून उतरवली. उतार होता. तोफा, पलटणी सगळं काही आपल्याकडं जास्त, आणि घात केला सासरी-माहेरी जाणाऱ्या बायकांनी पाडलेल्या वाटेनं! वेलस्लीचेही पंधराशेच्या वर लोक मेले-जखमी झाले. पुढं वॉटर्लूवर नेपोलियनला हरवल्यानंतरही, सर्वांत चांगली लढाई कुठली, या प्रश्नाला त्यानं असईचंच नाव घेतल्याचं सांगतात. पावसाळ्यानंतर त्या पात्राकडं बघितलं तर गुडघाभर पाण्यात म्हशी बसलेल्या. साम्राज्य इतक्याशा पाण्यानं फिरतं हे पटायला थोडा वेळ जातो.

भोकरदन तर याहून जुनं. सातवाहनांच्या काळी हे भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक आहेत, तसं दगडावर कोरलेलं आहे. केळणेच्या काठाच्या खडकात कोरलेली लेणी आहेत. इथल्या उत्खननात हस्तिदंताची एक मोडकी स्त्रीमूर्ती सापडली आणि तिची बहीण शोभावी अशी मूर्ती निघाली ती थेट इटलीत, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून नेपल्सच्या संग्रहालयात ती आहे. ती भोकरदनकडच्याच कारागिरांची असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. म्हणजे आमचा माणूस टूर कंपन्या निघायच्या आधीच माल घेऊन भूमध्य समुद्रापर्यंत पोचला होता, निदान माल तरी पोचला होता.

एका दिवसात एवढं सगळं होतं. सकाळी तलाव आणि मस्तगड, मग उन्हं चढायच्या आत असई, जेवण भोकरदनला, परतताना वाटेत राजूरचा गणपती. फक्त निघण्याआधी कॅलेंडर बघा. अंगारकी असेल तर राजूरच्या रस्त्यावर गाडी तासन्‌तास हलत नाही, आणि मग मला फोन करून बोलू नका.