कौतुक की शेरा?

नातवाच्या नादाने मी उतारवयात फुटबॉल बघायला लागलो, आणि जुने सामने बघता बघता मायकेल एसियनच्या प्रेमात पडलो. हा घानाचा, मधल्या फळीतला खेळाडू. २००५ साली लंडनच्या चेल्सी क्लबने त्याला फ्रान्सच्या लियाँकडून सुमारे २ कोटी ४४ लाख पौंडांना घेतलं. तोवर चेल्सीने एवढी रक्कम कुणासाठीच मोजली नव्हती. पुढे चाहत्यांनी त्याला अगदी डोक्यावर घेतलं.

आणि टोपणनाव काय दिलं? तर 'बायसन'! म्हणजे आपल्या राधानगरीच्या जंगलातला गवाच म्हणा ना.

"आजोबा, प्रेमाने म्हणतात हो," इति नातू. असेल. माझं भांडण त्या प्रेमाशीच आहे.

आता या गव्याचे पराक्रम बघा. डिसेंबर २००६ मध्ये आर्सेनलविरुद्ध त्याने लांबून, पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू असा वळवला की बरोबरी झाली. मे २००९ मध्ये बार्सिलोनाविरुद्ध चेंडू जमिनीवर पडायच्या आत डाव्या पायाने थेट जाळ्यात! २००८ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तर नेहमीची जागा सोडून तो उजवीकडे बचावाला उभा राहिला. हे सगळं नुसत्या मांड्यांच्या बळावर होतं? चेंडू कुठे येणार, किती वळणार, आपण कुठे असायला हवं, हा हिशेब कोण करतं?

बरं, हे एकट्या एसियनचं नाही. २०२० मध्ये युरोपातल्या ८० सामन्यांचं इंग्रजी समालोचन तपासलं गेलं. ताकदीची गोष्ट निघाली की ती गडद वर्णाच्या खेळाडूबद्दल असण्याची शक्यता साडेसहा पट जास्त! बुद्धीचं कौतुक मात्र ६२ टक्क्यांहून अधिक वेळा उजळ वर्णाच्या वाट्याला.

मंडळी, हे वाचून मी साहेबाला नावं ठेवणार होतो, पण जीभ चावली. वर्गात बाकं हलवायची असली की मी नेहमी मागच्या बाकावरच्या एकाच धिप्पाड मुलाला हाक मारायचो. "शाब्बास पैलवान!" म्हणायचो. तो खूश व्हायचा. भूमितीचा प्रश्न मात्र त्याला वर्षभरात कधी विचारला नाही. आज वाटतं, ती शाब्बासकी नव्हती. तो शेरा होता, आणि मी तो त्याच्या पाठीवर कायमचा चिकटवला.

म्हणून ताकदीचं कौतुक करायचंच नाही का? जरूर करावं. आपण मारुतीला बलाची देवता मानतो, तशी बुद्धीचीही मानतोच की. माणसाला डोक्यावर घ्यायचं, पण त्याला डोकं आहे हे मानायचं नाही, ही लोकप्रियता काय कामाची?

असो. नातवाला सांगून टाकलंय, आमच्या घरात त्याला एसियनच म्हणायचं.