नाटकाची आवड कुठे गेली?

पोलादपूरहून दर महिन्याला तपासणीस येणारे एक दांपत्य आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्यांची हकीकत सांगतो. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वय 74, काकू सत्तरीच्या. गुरुजींना मधुमेह व रक्तदाब, काकूंना गुडघेदुखी. साखर, रक्तदाब आणि औषधे कागदावर लिहायची व त्यांना निरोप द्यायचा, असा माझा सहा वर्षांचा शिरस्ता होता.

2019 च्या डिसेंबरात महाडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय स्मारकातील नाट्यगृहात मुंबईच्या एका संस्थेचा प्रयोग होता. "जाणार ना?" मी सहज विचारले. गुरुजी हसून म्हणाले, "आता कसली नाटके, डॉक्टर! ती आवडच राहिली नाही." आणि मग हळूच, "शिवाय हिला तेवढा वेळ बसवत नाही."

गुरुजी रक्त द्यायला बाहेर गेले, तेव्हा काकू म्हणाल्या, "गावच्या पूजेच्या नाटकात हे दरवर्षी काम करायचे. आता चार वर्षे झाली, आम्ही दोघे कुठे म्हणून गेलो नाही. लग्नाला गेलो तरी अक्षता पडल्या की निघायची घाई."

उतारवयात एखादी आवड अकस्मात नाहीशी झाली, तर वैद्याने ती गोष्ट वयाच्या माथी मारून मोकळे होऊ नये. त्यामागे नैराश्य असू शकते, ऐकू कमी येणे असू शकते, पडण्याची धास्ती असू शकते. गुरुजी परत आल्यावर मी झोप, भूक, मन:स्थिती यांविषयी विचारले. मग विचारले, "रात्री लघवीला किती वेळा उठता?"

ते क्षणभर गप्प राहिले. "चार-पाच वेळा. आणि लागली की थांबवत नाही. अंधारात सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत जायचे, माणसे काय म्हणतील?"

सहा वर्षांत हा प्रश्न मी त्यांना विचारला नव्हता. चूक माझीच होती. तपासणीत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचे आढळले, साखरही चढलेली होती. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी ते संध्याकाळी घेत असत; ती सकाळी दिली. प्रोस्टेटसाठी औषध सुरू केले. डाव्या कानातला मळ काढला, तेव्हा गुरुजी म्हणाले, "अहो, ही एवढ्या मोठ्याने बोलते होय!" चार आठवड्यांनी रात्रीचे उठणे दोनवर आले. तो प्रयोग तोवर होऊन गेला होता. पण पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या प्रयोगाची तिकिटे काकूंनी आधीच काढून ठेवली होती.

वाचकहो, अशा संध्याकाळीची तयारी कशी करावी, हे त्यांना सांगितले तेच आपल्यालाही सांगतो.

जेवण नाटकाआधी घ्यावे, तेही निवांत. प्रयोग संपायला अकरा वाजतात. तोवर उपाशी राहणे मधुमेह्याला धोक्याचे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण लांबले, तर साखर एकाएकी उतरते. म्हणून जेवणाआधीचे औषध घरून घेऊन निघू नये; ताट समोर येण्याची खात्री झाल्यावर घ्यावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे दिसताच, माणूस शुद्धीवर असेल तर, तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. खानावळीत मासळीचे ताट घ्यायला हरकत नाही. भात निम्मा, तळलेल्याऐवजी कालवणातला तुकडा, आणि रक्तदाब असेल तर पापड-लोणचे दूर.

पाणी दिवसभर नेहमीसारखे प्यावे, निघण्यापूर्वीच्या दोन तासांत बेताने. लघवीच्या भीतीने दिवसभर तहानलेले राहू नये. त्याने चक्कर येते. गोळ्यांच्या वेळा मात्र स्वत:च्या मनाने बदलू नयेत.

खुर्ची रांगेच्या टोकाची, शक्यतो पुढची, पायऱ्या टाळून मिळेल अशी घ्यावी. वयस्क डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून दिवे मालवण्याआधी बसावे आणि पडदा पडल्यावर दिवे पूर्ण लागेपर्यंत उठू नये. बसल्या जागी पावले हलवत राहावीत. प्रोस्टेटच्या काही औषधांनी उभे राहताना रक्तदाब उतरतो. उठताना खुर्ची धरून क्षणभर थांबावे. परतीचे वाहन आधीच ठरवलेले असावे. हिवाळ्यात कानाला मफलर विसरू नये.

सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. गुरुजी काकूंच्या गुडघ्यांचे निमित्त सांगत होते आणि काकू ते निमूटपणे मान्य करीत होत्या. वस्तुत: टोकाच्या खुर्चीत पाय लांब करून त्या सहज बसू शकत होत्या. आजारी माणसाची लाज झाकता झाकता सांभाळणाऱ्याचेही जग घराएवढे होते, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सूनबाईंनी, मुलांनी म्हाताऱ्यांना "कुठे जायचे आहे का?" असे विचारून थांबू नये. "जायला अडते कशाने?" असे विचारावे.

नाटकानंतरच्या तपासणीला दोघे आले. दुसऱ्या अंकात गुरुजींना एकदा उठावे लागलेच. शेजारच्याने पाय आवरून वाट दिली, कोणी काही म्हटले नाही. त्या अवधीतला एक प्रवेश हुकला.

"मग?" मी विचारले.

"मग काय," काकू म्हणाल्या, "पोलादपूर येईपर्यंत रिक्षात तो सगळा प्रवेश मी यांना सांगितला."

"चुकीचा सांगितला," गुरुजी म्हणाले. "पुन्हा एकदा पाहायला हवे."