साडेतीन स्टार म्हणजे नक्की काय?

मंडळी, या वीकांताला थोडं भांडायचं आहे. भांडण बिअरशी नाही, बिअरला स्टार देणाऱ्यांशी आहे.

पण त्याआधी थोडी स्थानिक फुशारकी. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. आपल्याकडे जागेवर बनवलेल्या ताज्या बिअरचं जे वेड आलं, त्यातल्या अगदी सुरुवातीच्या नावांपैकी हे एक. ते नाव मात्र पुण्याचं नाहीच, नाशिकचं आहे. डूलाली म्हणजे आपलं देवळाली! नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना देवळाली कॅम्पात आणून ठेवायचे आणि मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहायला लावायचे. बोटी सुटायच्या थंडीच्या मोसमात. मोसम हुकला की कित्येक महिने ना काम ना धंदा, वर इथला उन्हाळा. मग एखाद्याचं डोकं फिरलं की त्याला ‘डूलाली टॅप’ झाला म्हणायचे. त्यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला साधा ताप. ‘येडा झालेला’ या अर्थाने डूलाली हा शब्द इंग्रजीत कायमचा राहिला. म्हणजे गाव आपलं, ताप आपला आणि बिअर पुण्याची. असो.

तर मुद्दा असा. वीकांताला पुण्यामुंबईला गेलेला आमचा प्रत्येक मित्र सोमवारी आकडे घेऊन परततो. अमक्या ब्रुअरीचा स्टाऊट साडेतीन, तमक्यांची गव्हाची बिअर पावणेतीन. हे सगळं पाचपैकी. ‘अनटॅप्ड’ नावाचं अ‍ॅप आहे, २०१० मध्ये निघालेलं, त्यात पाव-पाव स्टारने मोजता येतं. पाव स्टार! मला सोन्याचा भाव सुद्धा इतक्या बारकाईने कळत नाही.

दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग निस्तरणाऱ्या माणसाला हे आकडे बघून एकच गोष्ट आठवते. टेस्टरने लिहिलेलं असतं, “चालत नाही.” बस्स. व्हर्जन कुठलं, ब्राउझर कुठला, काय केल्यावर चालत नाही, काही नाही. असा बग आपण काय करतो? परत पाठवतो. आणि हीच मंडळी, जी ऑफिसात अशा बगवरून टेस्टरचा जीव खातात, ती शनिवारी रात्री “पावणेतीन, मजा नाही आली” असं लिहून मोकळी होतात.

आता बिअरचं व्हर्जन म्हणजे काय ते बघा. बिअर हा दारूपेक्षा दुधाच्या जवळचा माल आहे. व्हिस्कीची बाटली कपाटात दहा वर्षं पडली तरी तिला काही होत नाही. बिअरला उष्णता, उजेड आणि हवा तिन्ही चालत नाहीत. हवा लागून शिळी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, आणि हे शिळं होणं उन्हात झपाट्याने होतं. पुण्याहून नाशिक दोनशेच्या वर किलोमीटर. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत एप्रिलच्या दुपारी साध्या टेम्पोतून आलेली बाटली आणि ब्रुअरीतच नळावर प्यायलेला ग्लास यांच्यावर लेबल एकच, पण वस्तू दोन आहेत. उजेडाचं आणखी वेगळं. हॉप्समधले कडू घटक प्रकाशात मोडतात आणि एक घाणेरडा गंधकी वास तयार होतो. तपकिरी काच त्यासाठी असते. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतली बाटली दुकानाच्या ट्यूबलाइटखाली महिनाभर उभी असेल, तर तुम्ही ब्रुअरला नाही, दुकानदाराला स्टार देताय.

त्यात आपलं ‘चिल्ड’चं खूळ. बाटलीवर बर्फ धरल्याशिवाय आपण पैसे वसूल समजत नाही. इतक्या गार बिअरचा वास ग्लासातून फारसा वर येतच नाही, जीभ बधिर होते ती वेगळीच. मग “काही टेस्टच नाही यार” म्हणून दोन स्टार. अरे, दहा मिनिटं थांब की! नाशिकच्या मे महिन्यात तर पाच मिनिटं पुरतील.

सॅम्पलरची गंमत तर विचारूच नका. पाच-सहा छोटे ग्लास एका फळीवर येतात आणि प्रत्येकाला मार्क द्यायचे असतात. सहाव्या ग्लासापर्यंत जीभ थकलेली असते आणि मेंदू उदार झालेला असतो. अशा वेळी जिंकतं कोण? जे जास्त गोड, जास्त कडू, जास्त जड, जास्त चढणारं असेल ते. जगभरच्या ‘सर्वोत्तम बिअर’च्या याद्या काढून बघा, वर सगळे इंपीरियल स्टाऊट आणि डबल आयपीए. साधी, स्वच्छ पिल्सनर, जी बनवणं खरं तर सगळ्यात अवघड कारण तिच्यात चूक लपवायला जागाच नसते, ती कुठेतरी खाली. आणि चाळीस अंशांत माणसाला काय प्यावंसं वाटतं? पिल्सनर! पिताना एक हवं असतं, मार्क देताना दुसऱ्यालाच दिले जातात. भारतात एरवीही स्ट्राँग बिअरचाच खप जास्त. आता चोखंदळ म्हणवणारेही तेच करायला लागले, फक्त किंमत तिप्पट.

हे आकडे निदान कोणाच्या हातात असतात? ‘रेटबिअर’ ही २००० साली सुरू झालेली साईट या छंदाची काशी होती. बडवायझरवाल्या एबी इनबेव्हने, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीने, तिच्यात पैसे घातले आहेत हे २०१७ मध्ये उघड झालं. २०१९ मध्ये ती पूर्णच त्यांची झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. परीक्षेला बसलेल्या सर्वात श्रीमंत विद्यार्थ्याने पेपर तपासणारी शाळाच विकत घेतली, आणि नंतर कुलूप लावलं.

पुण्यामुंबईच्या ब्रुअऱ्यांचं काय व्हायचं ते होवो, मला चिंता नाशिकच्या छोट्यांची आहे. ‘सेराना मीड्स’ घ्या. योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी नाशकात काढलेली मीडरी. मीड म्हणजे मध आणि पाणी आंबवून केलेलं पेय, आणि सेराना हे आपल्या सातेरी मधमाशीचं शास्त्रीय नाव. जांभळाचं मीड समोर आल्यावर बिअरची पट्टी घेऊन बसलेला माणूस काय करणार? ही बिअरसारखी नाही, वाईनसारखी पण नाही, अडीच! समजा अशा एखाद्या पेयाला नऊ जणांनी मार्क दिलेत आणि सरासरी चार आहे. दहावा शहाणा एक स्टार देतो. सरासरी धाडकन ३.७. दहा हजार रेटिंग असलेल्या परदेशी ब्रँडला हाच माणूस ओरखडासुद्धा काढू शकत नाही. आणि बारमालक नवीन माल ठेवायचा की नाही हे ठरवताना मोबाईल काढून काय बघतो, तर हाच आकडा.

“मग निवडायचं कसं? आकडा नसेल तर नुसतं ‘छान आहे’ म्हणायचं का?” रास्त प्रश्न आहे. शब्द वापरायचे, आणि आपले वापरायचे. आपल्या नाशकात २००५ मध्ये सुलाची टेस्टिंग रूम उघडली, तेव्हापासून आपण सोव्हिन्यों ब्लाँमध्ये गूजबेरी शोधतोय. पंचवटीत वाढलेल्या किती जणांनी गूजबेरी खाल्लीय? (काही जण तिला आवळा समजतात. तो नव्हे तो!) बिअरच्या पुस्तकांत खराब उजेडाच्या वासाला स्कंकचा वास म्हणतात. हा प्राणी सिन्नरपर्यंतसुद्धा कोणी पाहिलेला नाही. आणि इकडे मराठीत तुरट, आंबूस, कडसर, करपट, ओशट, खवट, कुबट, मचूळ, खमंग असे एकेका दोषाला आणि गुणाला नेमके शब्द पडलेत. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टमुळे केळं आणि लवंग या दोन वासांची जोडी येते. पिकलेली वेलची केळी म्हटलं की आपल्या आईलासुद्धा कळेल, भले ती ग्लासाकडे बघून नाक मुरडेल.

परीक्षकांची बीजेसीपी नावाची पद्धत आहे, पन्नास मार्कांची. त्यात चवीला वीस, वासाला बारा आणि दिसण्याला फक्त तीन. ती पट्टीही परदेशी आहे, पण तिथे निदान मार्क कुठे कापले ते लिहावं लागतं. आपल्याला तेवढंही नको. नळ की बाटली, बाटलीवरची तारीख काय, किती गार होती, बरोबर चखणा काय होता, आणि दुसरा ग्लास मागवला का. शेवटचा प्रश्न सगळ्यात प्रामाणिक, कारण त्याचं उत्तर खिशातून द्यावं लागतं. नळाची बिअर असेल तर केग कधी लावला ते वेटरला विचारा. पहिल्यांदा तो तुमच्याकडे डूलाली झाल्यासारखा बघेल. दहा जणांनी विचारलं की फळ्यावर तारीख लिहायला लागतील.

माझ्या वहीतली गेल्या महिन्याची नोंद देतो, स्टारशिवाय: “गव्हाची बिअर, नळावरची, केग चार दिवसांचा. फार गार आली, दहा मिनिटं तशीच ठेवली. मग केळी, मागून लवंग, शेवटी किंचित आंबूस, भाकरीच्या पिठासारखं. बरोबर कोंडाजीचा चिवडा, तिखट जास्त झालं. दुसरा ग्लास घेतला, तिसरा नाही.”