नऊशे नव्याण्णवचा फोन आणि तेरा महिन्यांचं वर्ष

प्रति,
अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली

महोदय,

कंधार तालुक्यातल्या कुरुळा, पेठवडज, फुलवळ भागातून आणि आसपासच्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल हातात आली की घरात फोनचा विषय निघतो. कंपनीचा नऊशे नव्याण्णवचा बटनाचा मोबाइल घ्यावा, की तीन-साडेतीन हजारांत जुना टच मोबाइल? म्हातारी माणसं गावी राहणार, पोरं बऱ्याचदा त्यांच्याजवळच राहणार. पाच-सहा महिने सगळा संसार त्या फोनवरच चालणार असतो.

हिशेब करून पाहिला तर बटनाचा फोन स्वस्त पडतो, हे मान्य. जुलै २०२३ मध्ये जिओ भारत ९९९ रुपयांत आला आणि २८ दिवसांचा रिचार्ज १२३ रुपये ठेवला गेला. त्या दराने दोन वर्षांत सव्वीस रिचार्ज धरले तर फोनसह ४,१९७ रुपये होतात. साडेतीन हजारांचा जुना टच मोबाइल घेतला आणि १८९ चा रिचार्ज मारत राहिलं, तर तोच आकडा ८,४१४ वर जातो. दोन्हीकडे फोनपेक्षा रिचार्जच जास्त खातो. दुकानातल्या फलकावर मात्र मोठ्या अक्षरांत असते ती फक्त फोनची किंमत.

तरीही आमचा मजूर जुन्या फोनकडे वळतो, आणि त्याचं बरोबर आहे असं मला वाटतं. स्वस्त फोनात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. २०१७ साली दीड हजारांच्या अनामतीवर आलेल्या जिओफोनलाही हीच अट होती. एका गावी राहणाऱ्याला ती जाचणार नाही. पण टोळी पश्चिम महाराष्ट्रात जाईल की कर्नाटकात, आणि तिथल्या फडात कोणत्या कंपनीची रेंज असेल, हे निघताना कोणाला ठाऊक असतं? रेंज नसेल तर सिम बदलता आलं पाहिजे. गावाकडे आई आजारी पडली आणि कोप्यावर फोनच लागला नाही, तर वाचलेल्या चार हजारांचं काय करायचं?

दुसरं कारण सरकारनंच तयार केलं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून ॲपवर पिकाची नोंद आणि फोटो टाकायचा. बटनाच्या फोनवर ते होत नाही. दोन एकर सोयाबीन असलेल्या माणसालाही टच मोबाइल मिळवावाच लागतो, आणि नवा परवडत नाही म्हणून तो जुना घेतो. तिथंही तो फसू शकतो. बिल नसतं. बॅटरी दुपारीच मान टाकते. अँड्रॉइड इतकं जुनं असतं की ॲप उतरत नाही. फोन चोरीचा निघाला तर बंद पडतो, आणि पैसे गेल्यावर वर पोलिसांची भीती.

आता रिचार्जविषयी, कारण तो विषय थेट आपल्या अखत्यारीतला. महिना अठ्ठावीस दिवसांचा केल्यानं वर्षात तेरा रिचार्ज लागतात. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या प्राधिकरणानं तीस दिवसांचा पॅकही ठेवायला लावला, ते चांगलं केलं. जुलै २०२४ ला जिओचा १५५ चा पॅक १८९ झाला, एअरटेलचा १७९ चा १९९. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये, ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक द्या, असा आदेश आपण दिला. गावाकडच्या म्हाताऱ्यांसाठी हा फार मोलाचा निर्णय होता. पण जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले ते चौऱ्याऐंशी दिवसांचे आणि जवळपास वर्षभराचे. जिओचा ४४८ चा, एअरटेलचा ४६९ चा. अठ्ठावीस दिवसांमागे बचत होते जेमतेम चाळीस-त्रेचाळीस रुपयांची, आणि तीही एकदम साडेचारशे मोजल्यावर. रोजंदारीवरचा माणूस एका दमात साडेचारशे काढत नाही. तो दीडशे-दोनशेचाच पॅक मारतो आणि न वापरलेल्या नेटचे पैसे भरत राहतो. दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना आहे, हे मला समजतं. पण आदेश ज्यांच्यासाठी काढला त्यांच्यापर्यंत तो पोहोचला का, हे पाहणं आपलंच काम आहे.

म्हणून मागतो ते असं. नुसत्या बोलण्याचा तीस दिवसांचा पॅक प्रत्येक कंपनीला सक्तीचा करा. कंपनीच्या फोनच्या खोक्यावर आणि जाहिरातीत रिचार्जसह दोन वर्षांचा एकूण खर्च छापायला लावा. ग्राहकानं फोनची पूर्ण किंमत मोजली असेल, तर ठरावीक मुदतीनंतर तो कोणत्याही सिमला मोकळा झालाच पाहिजे. जुन्या फोनसाठी तपासणीची सोय आहेच : *#०६# दाबून आयएमईआय नंबर काढायचा, केवायएम लिहून त्यापुढे तो टाकायचा आणि १४४२२ वर एसएमएस करायचा. मात्र विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत आहे? ती माहिती जुने फोन विकणाऱ्या प्रत्येक दुकानात मराठीत लावलेली असावी आणि प्रत्येक जुन्या फोनचं, आयएमईआय नंबर लिहिलेलं बिल मिळावं. हे खातं दूरसंचार विभागाचं आहे; पण त्यांना शिफारस करण्याचा अधिकार १९९७ च्या कायद्यानं आपल्याला दिला आहे.

ग्राहकांसाठी आपण जागृतीचे कार्यक्रम घेता. त्यातला एक कंधारला घ्या, बाजाराच्या दिवशी आणि मराठीत. दिवाळीआधी घेतलात तर टोळ्या गावातच सापडतील.

आपला,
कंधारचा एक रहिवासी